व्हेंटिलेटरवरच्या बाळाला सतत झोपवून का ठेवतात? त्याला दुखतं का?

घशातली नळी टोचते, कफ ओढताना तर त्रास होतोच. म्हणून आधी वेदनाशामक, बहुधा फेंटानिल किंवा मॉर्फिन, आणि लागेल तसं गुंगीचं औषध. पण गाढ झोपवणं हा हेतू नसतो (सगळ्यांना तसंच वाटतं). हाक मारली की पापणी हलावी, नळी मात्र ओढू नये, इतपतच.

बाळ सांगू शकत नाही, म्हणून नर्स कपाळावरची आठी, आवळलेली मूठ, मशीनशी चाललेली झटापट बघून ‘कम्फर्ट-बी’ या त्रास आणि गुंगी मोजायच्या पद्धतीचे ६ ते ३० गुण देते. १० किंवा खाली आले तर गुंगी जास्त. २३ किंवा वर गेले तर त्रास होतोय. बरेच दिवस चाललेलं औषध एकदम तोडलं की थरथर, घाम, किरकिर. ते हळूहळूच उतरवतात.

हात धुऊन त्याचा तळवा धरा, घरच्या नावाने हाक मारा.