तांग काळातल्या नायिकेला ‘चिपाओ’ चालेल का?

प्रश्न असा आहे: एका किशोरकथेचा मराठी अनुवाद चालू आहे. कथा चीनमधल्या तांग राजवटीतली, म्हणजे इ.स. ६१८ ते ९०७ या काळातली. नायिकेच्या पोशाखाला ‘चिपाओ’ म्हणावं, ‘चाँगसाम’ की ‘हानफू’?

पहिले दोन शब्द कृपा करून वापरू नका. ‘चिपाओ’चा मूळ उच्चार ‘छीफाओ’च्या जवळ जातो. ‘छी’ म्हणजे निशाण आणि ‘फाओ’ म्हणजे झगा. हे निशाण मांचूंचं, म्हणजे ईशान्येकडून येऊन चीनवर राज्य करणाऱ्या लोकांचं. त्यांची फौज, आणि फौजेबरोबर सगळा समाजच, आठ निशाणांखाली विभागलेला होता: पिवळं, पांढरं, तांबडं, निळं, आणि याच चार रंगांची किनारवाली आणखी चार. म्हणून ते ‘निशाणवाले’. या मांचूंच्या छिंग राजवटीने बीजिंग घेतलं १६४४ साली, म्हणजे तांग राजवट बुडून सातशेहून जास्त वर्षं झाल्यावर. त्यातही मांचू बायकांचा झगा सरळ आणि ढगळ असे. उभ्या कॉलरचा, अंगाबरोबर बसणारा, बाजूला चीर असलेला जो छीफाओ आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो घडला १९२०-३०च्या शांघायमध्ये. ‘चाँगसाम’ हे याच कपड्याचं कँटोनी नाव, अर्थ ‘लांब सदरा’. तीच अक्षरं उत्तरेकडच्या चिनीत ‘छांगशान’ अशी वाचतात आणि तिथे तो पुरुषांचा पायघोळ अंगरखा होतो!

राहिला ‘हानफू’, म्हणजे हान लोकांचे, चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे कपडे. ब्रॉयलर कोंबडी आल्यावर आपल्या कोंबडीला ‘गावरान’ म्हणायची वेळ आली, तसा हा शब्द आहे. शेजारी दुसऱ्यांचे कपडे असले तरच त्याची गरज पडते. तांगनंतर उत्तरेकडे राज्य करणाऱ्या खितान लोकांच्या ल्याओ राजवटीत दरबारी वेशाचे दोन प्रकार होते. खितानांचा तो ‘देशी वेश’ आणि दुसरा ‘हान वेश’. छिंगपूर्व काळातल्या सगळ्या हान पोशाखांना मिळून ‘हानफू’ म्हणण्याची आजची रूढी मात्र २००३च्या सुमारास चिनी तरुणांनी हे कपडे पुन्हा घालायला सुरुवात केली तेव्हापासूनची. त्यामुळे निवेदनात किंवा प्रस्तावनेत ‘हानफू’ खुशाल लिहा. नायिकेच्या तोंडी घालू नका, तिच्यासाठी ते नुसते कपडे आहेत.

आता वर्णनाकडे या, कारण खरी चूक तिथेच होते. हान अंगरख्याची जुनी ओळख म्हणजे डावा पदर उजव्यावर घेऊन उजव्या कुशीला बांधायचा. बंदांनी बांधायचा, आपल्या बाराबंदीसारखा. उलट बाजूला बांधणं हे परक्यांचं लक्षण मानत. क्वान चुंग हा जुना मंत्री नसता तर आपण केस मोकळे सोडून डाव्या बाजूला अंगरखे बांधत फिरलो असतो, असं कन्फ्यूशियस म्हणाल्याची नोंद आहे. छीफाओला दिसतात त्या कापडी गाठीच्या घुंड्या, त्या तांग नायिकेच्या गळ्याशी नकोत.

तिला काय द्याल? आखूड सदरा, छातीवर बांधलेला पायघोळ परकर, दोन्ही हातांवरून सोडलेला लांब शेला. सदरा-परकराच्या या जोडीला चिनीत ‘रूछ्युन’ म्हणतात. ‘परकर-पोलकं’ मात्र टाळा, लगेच कोकणातली मुलगी उभी राहते. तांग काळात बायका गोल गळ्याचा पुरुषी झगा आणि बूटही घालत, मध्य आशियाई धाटणीचे कपडेही. नायिका घोड्यावर बसणार असेल तर हाच वेश शोभेल.

तलम रेशीम सांगायचं असेल तर संस्कृतातून आलेला ‘चीनांशुक’ हा शब्द हाताशी आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी दुष्यंताचं मन मागे ओढलं जातं ते वाऱ्याविरुद्ध नेलेल्या निशाणाच्या चीनांशुकासारखं. चीनमधल्या चांग्शा शहराजवळच्या मावांगत्वे इथे १९७२ साली उघडलेल्या थडग्यात, तांगच्याही कितीतरी आधीच्या हान राजवटीतला, पूर्ण लांबीचा रेशमी झगा मिळाला. त्याचं वजन ४९ ग्रॅम. नायिकेच्या शेल्याला ‘चीनांशुक’ म्हणायला माझी तरी हरकत नाही.