एक्स-रेची गाडी बोलवण्याआधी आशाताईंचे फॉर्म उघडा

तुम्ही लिहिलंय की वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. आता वर्षश्राद्धाच्या जेवणाचा खर्च वाचवून गावात एक्स-रेची गाडी आणायची आणि सगळ्यांची कॅन्सरची तपासणी करून घ्यायची. वाचून भरून आलं. पण दादा, ते पैसे त्या गाडीवर घालू नका.

टीबी शोधायला ती गाडी चांगली. कॅन्सरची लहान गाठ मात्र एक्स-रेत सहज निसटते. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांवर हे पाहिलं गेलं. दरवर्षी एक्स-रे काढूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निकाल २०११ मध्ये आला. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात कमी डोसच्या सीटी स्कॅनने मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. पण ती माणसं ५५ ते ७४ वयाची होती आणि रोज एक पाकीट याप्रमाणे तीस वर्षं सिगारेट ओढलेली. आपल्याकडे सरसकट सीटी केला तर जुन्या टीबीचे डागच ढिगाने निघतील, आणि प्रत्येक डागामागे घाबरलेलं घर. शिवाय आपल्याकडे कधीच बिडी न ओढलेल्यांनाही हा आजार होतो.

मी पंधरा वर्षं गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, आशाताई भरतात. तंबाखू-बिडी, चुलीचं जळण, दोन आठवड्यांवरचा खोकला, थुंकीतून रक्त, सगळं त्यात असतं. पण सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कॅन्सर पाहतात. त्यामुळे खोकल्याचा रकाना टीबीपुरताच वाचला जातो.

आमच्या गटातल्या एका आजोबांचं असंच झालं. थुंकीत टीबी सापडला नव्हता, तरी गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या महिन्यात आजींनी मला त्यांचा सदरा दाखवला. दोन बोटं नाही, अख्खी मूठ जाईल एवढा गळ्याशी सैल झाला होता. तेव्हा कुठे सीटी झाला. गाठ मणक्यापर्यंत गेली होती. तो सदरा आधी मी पाहायला हवा होता, हे मला अजून खातं.

म्हणून आशाताईंना आणि तुमच्या उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) घेऊन बसा. खोकला, रक्त, उतरलेलं वजन, बसलेला आवाज अशांची नावं काढा. थुंकीत टीबी नाही आणि औषधांनी उतारही नाही, असा प्रत्येक माणूस छातीच्या डॉक्टरांपर्यंत गेलाच पाहिजे. तुमचे पैसे तिथे लावा: सीटीला, गाडीभाड्याला आणि सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाला. निदान झालं तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना लगेच भेटा.

मँचेस्टरमध्ये २०१६ साली गरीब वस्त्यांतल्या बाजाराच्या पार्किंगमध्ये सीटीची गाडी उभी केली होती. सापडलेल्या कॅन्सरपैकी पाचातले चार सुरुवातीच्या टप्प्यातले निघाले. तिथेही आधी नर्सने बसून नीट विचारपूस केली आणि धोका जास्त असलेल्यांनाच आत घेतलं.

आणि बिडी. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे. तो नुसता फळ्यावर लिहू नका. संध्याकाळी पारावर ज्यांच्या खिशात बंडल दिसतं, त्यांच्याजवळ बसून तुमच्याच फोनवरून लावून द्या. वडिलांचं नाव सांगितलंत तर तुमचं ऐकतील. माझं ऐकत नाहीत.