हनुका: मेणबत्त्या कुठून लावायच्या?

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला हनुका, म्हणजे ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण, शिकवतेय. मेणबत्त्या लावताना दिशा हमखास चुकते. सोपं कसं करू?

उत्तर : रोज एक मेणबत्ती वाढते. मांडायच्या उजवीकडून, पेटवायच्या डावीकडून, म्हणजे आजची नवी आधी. गोंधळ होतो तो इथेच. तिला एवढंच सांगा, ‘नव्या पाहुणीचा मान पहिला.’ शमाश ही वेगळ्या उंचीवरची मेणबत्ती आधी पेटवून तिच्याच ज्योतीने बाकीच्या लावायच्या. शमाश धरून आठ रात्रींना ४४ लागतात. रोज मोजायला लावा. केकवरच्या बारीक मेणबत्त्या नकोत, अंधार पडल्यावर अर्धा तास तरी ज्योत टिकायला हवी. शुक्रवारी शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्यांआधी, सूर्यास्तापूर्वीच लावायच्या, म्हणून त्या दिवशी जाड घ्या. पेटती शमाश मात्र तुमच्याच हातात. मुलीला हनुकाचा भोवरा द्या, त्याच्या चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं असतात: ‘गिमेल’ पडलं तर डावातले सगळे दाणे तिचे, ‘हे’ अक्षर पडलं तर निम्मे, नुनला काही नाही, शिनला एक दाणा परत डावात.