जोडावं की जुळवावं?

प्रश्न : प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या जुळवा’ असतं, ‘जोड्या जोडा’ का नसतं? आणि जोड, जोडा, जोडी, जोडपं यांत नेमका फरक काय?

उत्तर : ‘जोडणे’ म्हणजे कुणीतरी दोन गोष्टी एकत्र आणणं. त्या मुळात एकमेकींच्या असतीलच असं नाही. तार तारेला जोडतात, डबा इंजिनाला जोडतात, माणसं जोडतात. ‘जुळणे’ला मात्र आधीपासूनचा मेळ लागतो. हिशोब जुळतो, पत्रिका जुळते, सूर जुळतात. प्रश्नपत्रिकेतल्या राजधानीचा देश ठरलेलाच असतो, मुलांनी तो फक्त ओळखायचा, म्हणून तिथे ‘जुळवा’. छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, लावून ओळी तयार करणाऱ्याला जुळारी म्हणत. खिळे गेले, जुळारीही गेले, पण पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘अक्षरजुळणी’ अजून छापून येते. तुटलेलं पुन्हा एक करायचं तर ‘सांधणे’. गुडघ्याचा सांधा, रुळांचा सांधा आणि तो बदलणारा सांधेवाला ही सगळी त्याच घरातली.

आता नामं. ‘जोडी’ सगळ्यांत मोकळी : बैलांची, कानातल्यांची, सलामीच्या फलंदाजांची. ‘जोडपं’ मात्र नवराबायकोचंच. बैलांचं जोडपं म्हणालात तर गावात हसू होईल. तेच जोडपं धार्मिक कार्यात मानानं जेवायला बसलं की ‘मेहूण’ होतं. ‘जोडा’ लक्ष्मीनारायणाचाही आणि पायातलाही, त्यामुळे ‘जोडा छान आहे’ हे मांडवात म्हटलं की चपलांच्या दुकानात, यावर बरंच अवलंबून.

‘जोड’ या शब्दाचं लिंग अर्थाप्रमाणे बदलतं, आणि चुका इथेच जास्त होतात. पूरक मदत असेल तर स्त्रीलिंगी : शेतीला दुधाच्या धंद्याची जोड. डोळ्यांना दिसणारी वस्तू असेल तर पुल्लिंगी : कपड्यांचे दोन जोड, नळाचा जोड गळतो. ‘शेतीला दुधाचा जोड’ हे कानाला खटकतं ते यामुळेच. जाता जाता : पायाच्या बोटातलं एक ते जोडवं, दोन जोडवी. ‘जोडव्या’ असं अनेकवचन नाही.

प्रश्न : ‘आमच्याशी जुडून राहा’ हे बरोबर आहे का?

उत्तर : हे हिंदीतल्या ‘जुड़ना’चं मराठी कपड्यांतलं रूप. प्रमाण मराठीत ‘जुडी’ आहे, पण ती कोथिंबिरीची किंवा मेथीची. क्रियापद हवं असेल तर ‘जोडलेले राहा’ चालेल, पण ‘आमच्यासोबत राहा’ अधिक सरळ. ‘या मोहिमेशी जुडा’ऐवजी ‘या मोहिमेत सामील व्हा’ म्हणावं. हिंदीत एकच शब्द जिथे पुरतो तिथे मराठीत संदर्भाप्रमाणे सामील होणे, जोडले जाणे, जुळणे असे वेगळे शब्द लागतात. भाषांतर घाईत झालं की नेमकी हीच निवड राहून जाते.

प्रश्न : ‘विद्यार्थीगृह’ की ‘विद्यार्थिगृह’? एकटा शब्द दीर्घ लिहायचा आणि जोडला की ऱ्हस्व, हे कसं लक्षात ठेवायचं?

उत्तर : विद्यार्थिगृह. नियम फक्त संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांना लागतो. असा शब्द मराठीत एकटा आला की शेवटचा इ-उ दीर्घ होतो : कवी, बुद्धी, गुरू. तोच समासात पहिला आला की संस्कृतातलं मूळ रूप परततं : कविसंमेलन, बुद्धिबळ, गुरुदक्षिणा. मुळातच दीर्घ असलेले शब्द दीर्घच राहतात : नदीकाठ, लक्ष्मीपूजन, वधूवर. मूळ रूप पाठ नसलं तरी दोन चाचण्या बरंच काम करतात. शब्दाचं स्त्रीलिंगी रूप ‘-इनी’ किंवा ‘-इणी’ होत असेल, तर तो समासात ऱ्हस्व : विद्यार्थिनी म्हणून विद्यार्थिसंघटना, पक्षिणी म्हणून पक्षिमित्र. आणि गती, शक्ती, भक्ती, नीती, सृष्टी अशी भाववाचक घडण असेल तरी ऱ्हस्व : गतिरोधक, भक्तिगीत, नीतिकथा. मंत्रिमंडळ आणि प्राणिसंग्रहालय पहिल्याच गटातले, जरी ‘मंत्रिणी’ कुणी म्हणत नसलं तरी.

घरगुती शब्दांना यातलं काही लावू नका. पाणीपुरवठा, भाजीबाजार दीर्घच. उत्साहाच्या भरात ‘पाणिपुरवठा’ लिहिणारेही भेटतात. शब्द तोडून ‘प्राणी संग्रहालय’ लिहिलं तर दीर्घ ‘णी’ चुकत नाही, पण समास मोडतो. पाट्यांवर ही पळवाट फार दिसते.

प्रश्न : ‘तिला जुळं झालं’ म्हणजे एक मूल की दोन?

उत्तर : दोन. नाम म्हणून ‘जुळं’ एकवचनी असलं तरी त्यात जोडी आलीच. तीन असतील तर तिळं. विशेषण म्हणून मात्र ते नामाप्रमाणे बदलतं : जुळा भाऊ, जुळी बहीण, जुळ्या बहिणी, जुळी मुलं. सोलापूर नपुंसकलिंगी, म्हणून तिथल्या वस्तीचं नाव ‘जुळे सोलापूर’. ‘तिला दोन जुळी मुलं आहेत’ हे ठीक, पण ‘दोन जुळी झाली’ एवढंच म्हणालात तर ऐकणारा चार पाळणे मोजेल.