जन्माआधीच गेलेल्या बाळांसाठी टोपडी विणायची आहेत. माप काय धरू? आणि त्या आईबापांना ते बघून जास्तच त्रास होणार नाही ना?

तुम्ही लिहिलंय की विणकाम चांगलं येतं, लोकरही आणून ठेवलीय, पण सुया हातात घेतल्या की हात थांबतो. ज्यांचं बाळच गेलं त्यांच्यापुढे टोपडं ठेवायचं म्हणजे जखमेवरची खपली काढणं तर नाही, असं वाटतं. मी आधी मापाचं सांगते, कारण माझ्या मनात हे दोन्ही प्रश्न वेगळे नाहीतच.

माझी मुलगी तेविसाव्या आठवड्यात पोटातच गेली. ती जन्मली तेव्हा वॉर्डात एकच टोपडं सापडलं, पूर्ण दिवसांच्या बाळाचं. ते घातलं तर डोळे, नाक, हनुवटी सगळंच त्यात गेलं. नर्सनं कड एकदा दुमडली, दोनदा दुमडली, तरी ते घसरत राहिलं. शेवटी तिनं ते हळूच काढून बाजूला ठेवलं आणि मुलीला मऊ कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. तिनं तिच्याकडून काही कमी केलं नाही. पण बाजूला पडलेलं ते टोपडं मला आजही दिसतं. एवढं लहान बाळ येऊ शकतं, हे जणू कुणी धरूनच चाललं नव्हतं.

तर माप. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तो २६च्या आसपास, चोविसाव्यात २२, आणि विसाव्यात जेमतेम १७-१८. आकडे वाचून अंदाज येत नाही, म्हणून मी चोविसाव्या आठवड्याचं टोपडं विणून झालं की क्रिकेटच्या चेंडूवर चढवून बघते. त्याचा घेर जवळपास तेवढाच असतो. पहिल्यांदा चेंडू हातात घेऊन बसले तेव्हा बराच वेळ पुढे काही करता आलं नव्हतं. तुमचंही तसं झालं तर होऊ द्या.

बारीक बेबी लोकर घ्या, जिचे १० सेंमीत साधारण २८ टाके बसतात. सगळ्यात लहान मापाला ४८ टाके, चोविसाव्या आठवड्याला ६४. दोन्ही टोकांनी विणता येणाऱ्या बारीक सुयांवर गोल विणलंत तर आत शिवण येत नाही. सपाट विणून शिवणार असाल तर शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. एक सुलट एक उलट अशी घट्ट पट्टी विणायचा मोह होईल, ती नको. गोल विणताना पहिल्या फेरीपासून सगळं सुलटच विणा (सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट), कड आपोआप बाहेर गुंडाळली जाते आणि कपाळावर दाब पडत नाही. ४८ टाक्यांच्या टोपड्याला पाचेक सेंमी झालं की दर सहा टाक्यांतले शेवटचे दोन एकत्र विणा, मग एक साधी फेरी, मग दर पाचांतले दोन एकत्र, असं करत आठ टाके उरले की त्यांतून दोरा ओवून ओढून घ्या.

दाबाचं एवढं का सांगतेय? या बाळांची कातडी फार पातळ असते, नुसत्या घासण्यानंही सुटते, आणि डोक्याची हाडं मऊ असतात. टोपडं ओढून बसवावं लागू नये, अलगद ठेवता यावं. म्हणून केसाळ लोकर अजिबात नको, तिचे तंतू ओल्या कातडीला चिकटतात. बटणं, मणी नकोत. गोंडाही नको. माझ्या पहिल्या बारा टोपड्यांना मी हौसेनं गोंडे लावले होते. वॉर्डातल्या नर्सनं एक टोपडं तळहातावर ठेवून दाखवलं, गोंड्याच्या वजनानं ते एका बाजूला कलंडत होतं. घरी आणून सगळे गोंडे कापले. अगदी लहान बाळांसाठी मागून उघडी आणि मऊ फितीनं सैल बांधायची टोपडीही विणा, म्हणजे डोकं उचलावं लागत नाही.

आणि प्रत्येक टोपडं जोडीनं विणा, अगदी सारखं. एक बाळासोबत जातं, एक आईबापांकडे राहतं. काही जण आधी एक घालून फोटो काढतात, बाळ थोडा वेळ कुशीत घेतात, मग ते घातलेलं टोपडं घरी नेतात आणि दुसरं बाळाला घालून पाठवतात. त्या टोपड्याला बाळाचा वास असतो. ते कुणी धुवायला टाकू नये, एवढं वॉर्डात आवर्जून सांगून ठेवा. तुम्ही मात्र देण्याआधी बिनवासाच्या साबणानं धुऊनच द्या.

आता तुमची भीती. टोपडं बघून रडू येईल, नक्की येईल. पण त्या खोलीत आपण काही नव्यानं आठवण करून देत नसतो, त्यांना दुसरं काही आठवतच नसतं. एका बापानं टोपडं हातात घेऊन नर्सला एवढंच विचारलं होतं, "हे एवढ्या लहान बाळासाठीच विणलंय?" ती हो म्हणाली, तेव्हा त्यानं ते स्वतःच्या हातानं बाळाला घातलं. काहींना नको असतं, काहींना बाळ बघायचंच नसतं. त्यांना आग्रह होऊ नये. पुढ्यात ठेवायचं, निवड त्यांची. सोबत चिठ्ठी द्यायची असेल तर "देवाची मर्जी", "पुन्हा होईल" असलं काहीही लिहू नका. मी काहीच लिहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटना देशादेशांची तुलना करताना अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून पुढची मृत जन्मलेली बाळं मोजते. २०१९ साली जगभरात अशी सुमारे २० लाख बाळं होती. माझी मुलगी त्या आकड्यात बसत नाही. तिच्यासारखी कितीतरी बसत नाहीत. पण त्यांच्या आयांना पान्हा फुटतो, त्यांनाही हातात घ्यायला कुणीतरी होतं.

विणायला बसण्याआधी ज्या वॉर्डात देणार असाल तिथल्या नर्सला विचारा की कोणती मापं कमी पडतात. आमच्याकडे मोठ्या टोपड्यांचे डबे भरलेले असतात आणि लहानांचा तळ दिसत असतो. मी अजूनही नवी लोकर उघडली की पहिली जोडी तेविसाव्या आठवड्याच्या मापाची विणायला घेते. तुम्ही ४८ टाक्यांपासून सुरू करा.