लिन, रेगा की टेक्निक्स: ख्याल ऐकणाऱ्यासाठी माझं मत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, दीडेकशे एलपी (बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत), आजोबांच्या पेटीतल्या चाळीस-पन्नास ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या, आणि लिन एलपी१२, रेगा प्लॅनार १० व टेक्निक्स एसएल-१२००जी या तीन टर्नटेबलांत, म्हणजे तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांत, अडकलेलं मन. अँप्लिफायर आणि स्पीकर चांगले आहेत. टर्नटेबल एकदाच घ्यायचा आणि कायम ठेवायचा.

माझं उत्तर टेक्निक्स. माझ्याकडे अकरा वर्षं एलपी१२ होता आणि तो आवाज मला आजही प्रिय आहे, तरीही टेक्निक्सच सांगेन.

परदेशी परीक्षणं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ती माणसं ड्रमचा ठोका, बेसची पकड, व्हायोलिनचा पोत ऐकत असतात. आपल्या गाण्यात मागे तंबोरा अखंड चालू असतो आणि गवई एकेका स्वरावर आठ-दहा सेकंद थांबतो. तबकडीची गती किंचित जरी हलली तरी ते सगळ्यात आधी तिथे कळतं. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याने गतीची स्थिरता पहिली बघावी, बाकीचं नंतर.

टेक्निक्स डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटरचा आस हाच प्लॅटरचा (तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीचा) आस, मध्ये बेल्ट नाही. टेक्निक्सने १९७०मध्ये एसपी-१० हा टर्नटेबल आणला तेव्हापासून हे त्यांचं घर. जुन्या डायरेक्ट ड्राइव्हवर आक्षेप होता की मोटर फिरताना बारीक झटके देते. २०१६मध्ये आलेल्या १२००जीमध्ये लोखंडी गाभा नसलेली मोटर आहे, त्यामुळे त्या झटक्यांचं मूळच काढून टाकलं आहे. गतीतल्या चढउताराचा कंपनीचा आकडा ०.०२५ टक्के आहे. पितळ, ॲल्युमिनियम आणि रबर अशा तीन थरांचा जड प्लॅटर, एकूण वजन सुमारे १८ किलो.

पण इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही, आणि ती टर्नटेबल निवडण्याइतकीच महत्त्वाची आहे. तबकडीचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर आतल्या खोबणीपाशी, म्हणजे साधारण ६० मिलिमीटर त्रिज्येवर, सूर दर १.८ सेकंदांनी ०.८ टक्के वर आणि तितकाच खाली जातो. दोन टोकांमधला फरक १.७ टक्के झाला. प्रमाणश्रुतीचं, म्हणजे सगळ्यात लहान श्रुतीचं, अंतर सव्वा टक्का असतं. म्हणजे तबकडीच्या शेवटी, जिथे द्रुत रंगलेली असते, तिथे सूर एका प्रमाणश्रुतीपेक्षा जास्त हेलकावतो. कितीही महाग टर्नटेबल आणा, हे जात नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाकामिची कंपनीचा टीएक्स-१००० हा टर्नटेबल निघाला होता, तो तबकडीचं केंद्र मोजून ती स्वतः सरकवून घ्यायचा. आजच्या या तिघांत ती सोय नाही. तेव्हा आधी तुमच्या एलपी लावून हेडशेलकडे, म्हणजे सुईच्या दांड्याच्या (आर्मच्या) टोकाकडे, समोरून बघा. तो डावी-उजवीकडे झुलताना दिसला, तर दोष तबकडीचा. भोक अगदी हलक्या हाताने थोडं मोठं करून ती नीट मध्यावर बसवता येते. मी माझ्या सात-आठ तबकड्या अशा सुधारल्या आणि त्यातली एक तर मी अनेक वर्षं नासकी समजून बाजूला ठेवली होती.

आता आजोबांची पेटी. निर्णय खरं तर तिथेच होतो. ७८च्या खोबणीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एलपीची सुई तिथे खोबणीच्या तळात घासत राहते आणि नुसता खरखराट देते. म्हणजे दोन कार्ट्रिज (सुई बसवलेले, हेडशेलला जोडायचे भाग) हवेत, आणि ते पटकन बदलता आले पाहिजेत. टेक्निक्सचा हेडशेल फिरवून काढता येतो, काम अर्ध्या मिनिटाचं. रेगाच्या आर्मचा हेडशेल आर्मलाच घडवलेला असतो, लिनच्या नेहमीच्या आर्मचंही तेच. शिवाय १२००जीवर ७८ची गती आहे आणि ती कमी-जास्त करणारी पट्टीही. ही पट्टी नुसती हौस नाही. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण बरोबर ७८लाच व्हायचं असं नव्हतं, त्यामुळे सरळ लावलेल्या तबकडीत गवयाचा सूर चढलेला किंवा उतरलेला ऐकू येतो. बालगंधर्वांची किंवा हिराबाईंची तबकडी हार्मोनियमच्या सुराशी जुळवून योग्य गतीला आणली, की गळा ओळखीचा वाटायला लागतो. यासाठी मी हवे तितके पैसे मोजीन.

या तबकड्या लाखेच्या असतात. एलपी धुण्याच्या द्रावणात बहुधा अल्कोहोल असतं आणि लाख त्यात विरघळते. ते द्रावण त्यांना चुकूनही लावू नका. ऐकताना फोनो स्टेजचं (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचं) मोनो बटण दाबा, निम्मा खरखराट तिथेच जातो.

एलपी१२बद्दल. प्लॅटर आणि आर्म एकत्र तीन स्प्रिंगांवर टांगलेले, मोटर मात्र त्या स्प्रिंगांवर नाही. गळ्यातले दाणे, श्वास, शब्दाचा शेवट तो फार मायेने देतो. पण त्या स्प्रिंगा जुळवणं हे कसब आहे. मी घर बदललं तेव्हा एका माणसाने येऊन ‘झालं’ म्हणून सांगितलं, आणि पुढचे चार महिने माझा एलपी१२ किंचित तिरका तरंगत होता. आवाज मंद, मला वाटलं कार्ट्रिज संपलं. शेवटी दुसऱ्या शहरातून जाणकार बोलवावा लागला. तुमच्या ओळखीत असा हात असेल, फक्त एलपी असतील, आणि वर्षानुवर्षं एकेक भाग सुधारत नेण्यात आनंद वाटत असेल, तर लिन जरूर घ्या.

रेगा प्लॅनार १० उत्तम आहे, हलका आणि कडक, जुळवायला सोपा. ७८ नसत्या तर दुसरं नाव हेच घेतलं असतं.

सगळे पैसे टर्नटेबलवर घालवू नका. फोनो स्टेज आणि सुईसाठी भरपूर राखून ठेवा. एलपीसाठी मूव्हिंग कॉइल प्रकारचं कार्ट्रिज घेणार असाल, तर सुई झिजल्यावर बहुतेक वेळा अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं, हा हिशेब आधी धरा. स्लॅबची जमीन असल्यामुळे पावलांचा त्रास कमी होईल, पण स्पीकर ठेवलेल्या कपाटावर टर्नटेबल ठेवू नका. भिंतीत पक्की बसवलेली फळी सगळ्यात चांगली.

दुकानात जाताना त्यांच्या तबकडीवर भरवसा नको. तुमची स्वतःची, मध्यावर नीट बसलेली, विलंबिताची एलपी न्या. सुरुवातीला गवई तोंड उघडायच्या आधीचा तंबोरा तिन्हींवर ऐका, आणि मग बाजू उलटून तिच्या शेवटच्या दोन मिनिटांतला.