एकाआड एक फेरी सिस्टरांकडे : चालेल का?

प्रश्न : आईला मधुमेह आणि बीपी आहे, ती इन्सुलिन घेते. ओपीडीत आता सांगितलंय की एकाआड एक फेरीला डॉक्टरांऐवजी सिस्टरच तपासतील. ही टाळाटाळ तर नाही? शिवाय सिस्टरांनी मोजलेलं बीपी डॉक्टरांच्या खोलीतल्यापेक्षा कमी आलं. खरं कोणतं धरायचं?

उत्तर : बीपी बहुधा सिस्टरांचंच बरोबर. रांगेतून उठून आलेल्या माणसाचं लगेच मोजलं की ते चढलेलं दिसतं, त्यात डॉक्टरांसमोरची धास्ती. नीट मोजायचं तर आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, बोलणं बंद. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वाढतो आणि त्यापायी गोळीही. गच्च ओपीडीत डॉक्टरांना एवढी सवड कुठली?

इन्सुलिनचंही तसंच. सिस्टरांनी टोचण्याच्या जागा हाताने चाचपून बघायला हव्यात. एकाच जागी टोचत राहिलं की त्वचेखाली गाठ धरते. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. गाठीतून औषध कधी लवकर शोषलं जातं, कधी उशिरा. साखर वरखाली होते, डोस वाढवला जातो. पुढे तोच वाढीव डोस चांगल्या जागी गेला की साखर धाडकन उतरते. म्हणून जागा बदलताना डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पायाची संवेदना १० ग्रॅमचा दाब पडला की वाकणाऱ्या नायलॉन धाग्याने बघतात, तेही मोजे काढून आणि डोळे मिटायला सांगून.

प्राथमिक आरोग्यसेवेतल्या १८ तुलनात्मक अभ्यासांच्या २०१८ च्या कॉक्रेन (वैद्यकीय संशोधन तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्यात परिचारिकांच्या देखरेखीखालच्या रुग्णांची तब्येत डॉक्टरांकडच्या रुग्णांइतकीच किंवा थोडी बरी आढळली.

आता टाळाटाळीचं. रुग्ण डॉक्टरांकडे कधी पाठवायचा, याच्या लेखी मर्यादा सिस्टरांकडे आहेत का, ते विचारा. बीपी १८०/१२० च्या वर, साखर वारंवार ७० च्या खाली, पायाला जखम, अशा वेळी डॉक्टर त्याच दिवशी बघतात का? (छातीत दुखणं, धाप किंवा बोलणं अडखळणं यासाठी ओपीडीची वाट बघायचीच नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं.) आकडा फाइलीत लिहून नुसती पुढची तारीख मिळत असेल, तर मात्र तुमची शंका खरी आहे.